चपलांच्या कपाटात कोथिंबीर: कमी खर्चाचा, कुणाच्या डोळ्यात न येणारा ग्रो बॉक्स

आमचा फ्लॅट पुण्यात, तळमजल्यावर, आणि खिडकीसमोर दहा-बारा फुटांवर शेजारच्या बिल्डिंगची भिंत. ऊन येतं ते मे महिन्यात दुपारी वीसेक मिनिटं, ते पण ग्रिलमधून गाळून. त्यात घरमालकांची अट की बाल्कनीत कुंड्या नकोत, आधीच्या भाडेकरूंनी ठेवल्या होत्या आणि भिंतीला ओल आली म्हणे. आता त्यांचंही चूक नाही. पण दर दोन दिवसांनी दहा रुपयांची जुडी आणायची आणि तिसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये तिचा काळा चिखल बघायचा, याचा मला जाम कंटाळा आला होता. म्हणून चपलांचं एक जुनं कपाट घेतलं आणि त्यात लाइट लावून कोथिंबीर, मेथी, पातीचा लसूण असलं काय काय करायला लागलो. बाहेरून बघाल तर साधं शू रॅक. मालक एकदा नळाचं काम बघायला आले तेव्हा त्याच्याच शेजारी चपला काढून आत आले, त्यांना काही पत्ता नाही.

पहिल्यांदा करताना मी केलेल्या चुका तुम्ही करू नका म्हणून हे सगळं लिहितोय. वाचायला लांबलचक वाटेल, पण काम एका शनिवार-रविवारचं आहे.

आधी एक समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वाया. आपल्या डोळ्याला घरातला उजेड भरपूर वाटतो, झाडाला तो अंधार असतो. हॉलमध्ये ट्यूब लावून बसलो की साधारण १५० ते ३०० लक्स (उजेड मोजायचं माप) उजेड असतो, बाहेर दुपारच्या उन्हात १ लाखाच्या आसपास. डोळा ॲडजस्ट करून घेतो त्यामुळे एवढा फरक आपल्याला जाणवतच नाही. खिडकीत ठेवलेली कोथिंबीर लांब, पांढुरकी, सुतळीसारखी होऊन आडवी पडते ना, ती खत कमी पडलं म्हणून नाही, ती उजेड शोधत धावत असते. पालेभाजीला रोज १४ तास साधारण १० हजार लक्स मिळाले तरी ती खूश असते आणि हे घरगुती एलईडीवर आरामात जमतं. फळभाजीचं मात्र तसं नाही. टोमॅटो, मिरची, वांगी या बॉक्समध्ये लावायच्या भानगडीत पडू नका, झाड होईल, फुलं पण येतील, पण एका मिरचीला पडलेली वीज मोजलीत तर रडू येईल.

कपाट

पुण्यातला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, तिथे प्लायची कपाटं, टीव्ही ट्रॉली, शू रॅक काहीही मिळतं. ओळखीत कुणी घर बदलत असेल तर फुकटात पण मिळून जातं. बघायचं एवढंच की आतली रुंदी किमान २५-२६ इंच हवी कारण दोन फुटी एलईडी पट्टी आत मावली पाहिजे. मी पहिल्या वेळी बाहेरून माप घेतलं, घरी आणलं आणि पट्टी अर्ध्या इंचाने अडकली, ते कपाट आता खरंच चपलांना आहे. खोली १५ इंच, उंची ३ फूट असली की पुरे. पार्टिकल बोर्डाचं स्वस्त कपाट मिळत असेल तर जरा विचार करा, पाणी लागलं की ते पावासारखं फुगतं. घेतलंच तर तळाला जाड प्लास्टिक अंथरा.

मासळी बाजारातले थर्माकोलचे मोठे खोके फुकट मिळतात आणि ते वापरायचा मोह होतो. रोपं उगवून घ्यायला ठीक आहेत पण दिवे आणि वायरिंग आत बसवायचं असेल तर नको, थर्माकोल भरभर पेटतो.

मधली फळी काढून जरा खाली लावा. वरच्या मोठ्या कप्प्यात झाडं, खालच्यात कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा), बाटली, कात्री असला पसारा. वरचा कप्पा आतून पांढरा रंगवून टाका. साधा मॅट पांढरा ऑइल पेंट, दोन हात. चकचकीत फॉइल लावायचं बरेच जण सांगतात, मी लावून बघितलं, चुरगळतं, धूळ धरतं, आणि ॲल्युमिनियम असल्यामुळे वायरीजवळ नकोच वाटतं. पांढऱ्या रंगाने काम भागतं. रंगवल्यावर तीन-चार दिवस दार उघडं ठेवून वास जाऊ द्या, मगच पुढे.

दिवे

इथे लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात. जांभळ्या-गुलाबी उजेडाचे ग्रो लाइट ऑनलाइन दिसतात ते घेऊ नका. एक तर त्यावर लिहिलेले वॅट बहुतेक वेळा खरे नसतात, दुसरं म्हणजे त्या उजेडात पान पिवळं पडलंय की हिरवं आहे ते कळत नाही, आणि तिसरं, रात्री दाराच्या फटीतून जांभळा उजेड बाहेर आला की सोसायटीत चर्चा सुरू. लोकांच्या मनात लगेच भलतंच येतं. येताजाता सांगून ठेवतो, ते भलतं करायचा विचार असेल तर इथेच थांबा, १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली गांजाचं रोप लावणं हा गुन्हा आहे, १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. आपलं कपाट मेथीचं आहे, लपवायचं आहे ते फक्त ओलीला घाबरणाऱ्या मालकांपासून.

तर दिवे साधे पांढरे. दोन फुटी, १० वॅटच्या एलईडी बॅटन पट्ट्या, कूल डेलाइट म्हणजे ६५०० केल्विनच्या, चार नग. तपकीर गल्लीत होलसेलच्या आसपास भावात मिळतात, बुधवार पेठेत गेलात की विचारत विचारत पोचाल. खोक्यावर ल्युमेन म्हणजे दिवा एकूण किती उजेड देतो ते लिहिलेलं असतं ते वाचा, प्रति वॅट १०० च्या आसपास हवेत. ७०-८० वाली पट्टी पन्नास रुपयांनी स्वस्त असेल पण तेवढ्याच विजेत कमी उजेड देईल.

चारही पट्ट्या एका हलक्या लाकडी पट्टीवर किंवा ॲल्युमिनियमच्या चॅनलवर समान अंतरावर बसवा आणि ती फ्रेम वरून दोन बारीक साखळ्यांनी टांगा. साखळी यासाठी की झाड वाढेल तशी फ्रेम एकेक कडी वर घेता येते. झाडाच्या शेंड्यापासून ६ ते ८ इंच अंतर ठेवायचं. मोबाइलमध्ये लक्स मीटरचं एखादं फुकट ॲप टाका, सेन्सर पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो, म्हणून स्क्रीन वर करून फोन पानांच्या उंचीवर धरा आणि दार जवळजवळ लावून आकडा बघा. अगदी अचूक नसतो पण ३ हजार आहे की १२ हजार, एवढं नक्की कळतं. माझ्याकडे मधोमध १२ हजार आणि कोपऱ्यात ७ हजारच भरले, म्हणून कोपऱ्यात लसूण ठेवतो, त्याला कमी उजेड चालतो.

वीज किती लागते ते आताच सांगतो कारण घरून हाच प्रश्न पहिला येणार. ४० वॅट रोज १४ तास म्हणजे ०.५६ युनिट, महिन्याला १७ युनिट. पण महावितरणचं बिल स्लॅबने येतं, १०० युनिटच्या पुढे दर बराच वाढतो, तुमचा वापर आत्ताच ९५ असेल तर या १७ पैकी १२ युनिट महाग स्लॅबमध्ये पडतील. आधी मागचं बिल काढून बघा.

वायरिंग, इथे कंजुषी नको

बाकी सगळीकडे जुगाड चालतो, इथे नाही. पाणी आणि २३० व्होल्ट एका लाकडी खोक्यात ठेवतोय आपण. चारही पट्ट्यांचं कनेक्शन स्वतःला नीट येत नसेल तर सरळ इलेक्ट्रिशियनला बोलवा, शे-दोनशे रुपये घेईल. तीन पिनी प्लग, अर्थिंग असलेलं सॉकेट, जोड कनेक्टरमध्ये, सेलोटेप गुंडाळलेला जोड चालणार नाही. एक्स्टेन्शन बोर्ड कपाटाच्या बाहेर आणि वरच्या बाजूला भिंतीवर, जमिनीवर कधीच नाही. वायर बोर्डाकडे जाताना मध्ये थोडी खाली लोंबती ठेवा, म्हणजे चुकून पाणी ओघळलं तर ते वाकाच्या खालच्या टोकाला टपकेल, प्लगमध्ये जाणार नाही. घरात ३० मिलिॲम्पची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) आहे का ते बघा, नसेल तर या निमित्ताने बसवूनच घ्या. आणि झाडांना पाणी घालताना मेन प्लग काढायची सवय लावा.

टायमर घ्याच. गोल फिरणारा, पंधरा-पंधरा मिनिटांच्या बारीक पिना असलेला मेकॅनिकल टायमर मिळतो. मी पहिला महिना हाताने बटण दाबत होतो, एका लग्नाला नगरला गेलो आणि तीन दिवस झाडं अंधारात, परत आलो तर सगळी मेथी माना टाकून बसलेली. (मेकॅनिकल टायमर लाइट गेली की थांबतो आणि तेवढा मागे पडतो, भारनियमन असेल तिकडच्या लोकांनी आठवड्याला एकदा वेळ जुळवून घ्या.)

दिवे कधी लावायचे? उन्हाळ्यात रात्री. संध्याकाळी ६ ला चालू, सकाळी ८ ला बंद. एप्रिल-मेमध्ये पुण्यात दुपारी पारा ४० ला टेकतो, त्यात दिव्यांची उष्णता नको. हिवाळ्यात उलटं केलं तरी चालेल. त्याच खोलीत कुणी झोपत असेल तर दाराच्या कडांना फोमची चिकटपट्टी लावा, उजेड बाहेर येत नाही आणि दार पण धाडकन आपटत नाही.

हवा

बंद कपाटात दिवे लावले की आत गरम आणि दमट होणार आणि बुरशीला नेमकं तेच पाहिजे असतं. जुन्या कॉम्प्युटरचा १२० मिलिमीटरचा पंखा, १२ व्होल्टचा, घरात पडलेल्या जुन्या राउटरच्या अडॅप्टरवर चालतो. अडॅप्टरवर १२ व्होल्ट डीसी लिहिलंय ना आणि त्याचे ॲम्पिअर पंख्यावर लिहिलेल्यापेक्षा जास्त आहेत ना, एवढं तपासा. लाल वायर प्लस, काळी मायनस. आवाजाचा त्रास वाटला तर ९ व्होल्टचा अडॅप्टर लावून बघा, पंखा हळू आणि जवळजवळ गुपचूप चालतो.

बहुतेक शू रॅकची पाठ हार्डबोर्डची असते, त्यामुळे भोक पाडायला सुताराची गरज नाही, पेन्सिलने गोल काढा आणि हॅक्सॉच्या पात्याने हळूहळू कापा. पंखा पाठीवर वरच्या बाजूला, तोंड बाहेर, म्हणजे गरम हवा बाहेर फेकेल. मधल्या फळीच्या जरा वर दोन-तीन इंचांची चार भोकं पाडा, तिथून गार हवा आत येईल. भोकांवर मच्छरदाणीचा तुकडा चिकटवा. आणि हो, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, मी अगदी चिकटवून ठेवलं होतं आणि पंखा भिंतीवर हवा मारत बसला होता, वर भिंत पण दमट व्हायला लागली, म्हणजे मालकांचं म्हणणं खरं ठरायचीच वेळ आली.

पंखा चोवीस तास चालू राहू द्या, दोन-तीन वॅटच खातो. आत छोटं डिजिटल थर्मामीटर ठेवा, आर्द्रता पण दाखवणारं. २० ते २८ अंश सगळ्यात छान. तिशीच्या वर सतत राहिलं की कोथिंबीर पानं सोडून तुरा काढायला लागते. मे महिन्यात मी कोथिंबिरीचा नाद सोडतो आणि सबजा लावतो, त्याला उष्णता आवडते.

माती नको

बागेतली माती आणू नका, जड असते आणि सोबत किडे घेऊन येते. अर्धं कोकोपीट, बाकी गांडूळखत, आणि दहा भागाला एक भाग निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवली की ओळखू येणार नाही एवढी फुगते, म्हणून बादलीत भिजवा, टबात नको, मी बाथरूमची मोरी जाम केली होती. भिजवून एक-दोनदा साध्या पाण्याने धुऊन पिळा, त्यात मीठ राहिलेलं असतं. निंबोळी पेंड घरात ठेवल्यावर पहिले दोन दिवस वास येतो, घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर कपाटात उंदीर मेलाय म्हणून शोधाशोध होते.

कुंड्या विकत घ्यायच्या नाहीत. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे चौकोनी डबे, तळाला तापवलेल्या खिळ्याने आठ-दहा भोकं, आणि सगळ्यांच्या खाली एक मोठा प्लास्टिकचा ट्रे. चौकोनी यासाठी की गोल डब्यांमध्ये अर्धी जागा वाया जाते. लसणाला आणि मेथीला ३ इंच खोली पुरते, कोथिंबिरीला ५-६ इंच द्या कारण तिचं मूळ सरळ खाली जातं, आणि म्हणूनच तिचं रोप उपटून दुसरीकडे लावलं की रुसते.

काय लावायचं आणि कसं

बियाणं किराणामालाच्या डब्यातच आहे. कृषी सेवा केंद्रातलं बी बऱ्याचदा गुलाबी-निळ्या औषधाने माखलेलं असतं, ते मायक्रोग्रीनसाठी (म्हणजे कोवळी असतानाच कापून खायच्या रोपांसाठी) अजिबात वापरू नका.

पहिल्या बॅचला मेथीच लावा, कोथिंबीर नको. मेथी रात्रभर भिजवायची, मिश्रणावर दाट पसरायची, वर अर्धा सेंटिमीटर कोकोपीट, तिसऱ्या दिवशी उगवलेली दिसते आणि तीन-साडेतीन आठवड्यांत कापायला येते. नवशिक्याला तिसऱ्या दिवशी काहीतरी हिरवं दिसणं फार गरजेचं असतं. मोहरी त्याहून सोपी, मायक्रोग्रीन म्हणून आठ-दहा दिवसांत कापायची, दोन दिवस वर ताट उपडं घालून ठेवा मग उजेडात आणा. पातीचा लसूण म्हणजे तर फसवणूकच, कोंब आलेल्या पाकळ्या टोक वर करून अर्ध्या खोचायच्या, दोन आठवड्यांत पात. सबजाच्या बिया भिजवायच्या नाहीत, फालुद्यासारख्या बुळबुळीत होतात, ओल्या मिश्रणावर नुसत्या भुरभुरून बोटाने दाबायच्या. हा सबजा म्हणजे बेसिलचाच भाऊबंद, पास्ता करणाऱ्यांनी जास्तीचे पैसे वाचवा. पुदिन्याच्या बाजारातल्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवल्या की आठवड्यात मुळं फुटतात, पण त्याला वेगळा डबा द्या, तो दुसऱ्याच्या घरात घुसतो.

आता कोथिंबीर. आख्खा धणा म्हणजे दोन बिया चिकटलेलं फळ असतं. पोळपाटावर पसरून लाटण्याने हलकेच दाबा, दोन फाका व्हायला हव्यात, भुगा नको. रात्रभर भिजवा, १ सेंटिमीटर खोल पेरा. मग विसरून जा. आठ-दहा दिवस काहीच दिसत नाही, कधी बारा, आणि इथेच लोक उकरून बघतात आणि वाट लावतात. कापायला दीड महिना धरा. एकदम सगळी पेरू नका, दर दहा दिवसांनी एक डबा, म्हणजे सतत थोडी थोडी हाताशी राहते.

पाणी

रोज सकाळी पाणी घालायचं असा नियम करू नका. डबा उचलून बघा, हलका लागला तरच घाला, आणि तेही खालच्या ट्रेमध्ये, अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाका. वरून पाणी घातलं की बारकी रोपं आडवी होतात आणि वरचा थर सतत ओला राहिला की चिलटं येतात. आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालायची सवय घरोघर आहे, बागेत मुरून जातं म्हणून खपतं, डब्यात नको, त्यात क्षार साठतात आणि पानांच्या कडा जळतात. महिनाभर गांडूळखत पुरतं, त्यानंतर आठवड्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच) हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला १ ग्रॅम.

बिघडलं तर

रोपं लांबुडकी झाली तर दिवे खाली आणा. जमिनीलगत देठ बारीक, तपकिरी होऊन रोप कोलमडत असेल तर ती बुरशी, तो डबा लगेच बाहेर काढा, पाणी कमी करा, पंखा बघा, आणि पुढच्या वेळी मिश्रणात चमचाभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) पावडर मिसळा. मोहरी उगवताना मुळांवर पांढरी लव दिसली की नवीन माणूस घाबरून सगळं फेकून देतो, थांबा, पाण्याचा फवारा मारा, लव मुळाला चिकटून दिसेनाशी झाली तर ती मुळांचीच आहे, बुरशी जाळ्यासारखी तशीच राहते आणि कुबट वास मारते. चिलटांसाठी पिवळे चिकट सापळे मिळतात, एक टांगून ठेवा.

मला सगळं मिळून साधारण दोन हजार पडले, त्यात पट्ट्या आणि टायमर हाच मोठा खर्च, कपाट तीनशेला मिळालं. एवढ्या पैशात किती जुड्या आल्या असत्या हा हिशोब आमच्या आईने पहिल्याच दिवशी करून दाखवलाय, तुम्ही परत करू नका.

कापून झालं की मिश्रण फेकायचं नाही. मुळं झटकून काढा, गोणपाटावर पसरून गच्चीत दोन दिवस कडक उन्हात ठेवा, मग एक तृतीयांश नवीन गांडूळखत मिसळून परत वापरा. तिसऱ्या फेरीनंतर कोकोपीट गाळासारखं बारीक होतं, पाणी धरून बसतं, तेव्हा ते सोसायटीच्या बागेतल्या जास्वंदीला घाला. गच्चीवर गोणपाट नेताना मालक भेटले तर सांगा, धान्य वाळवतोय.